हे आपल्यामुळे घडलं का?

आज पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

तुमचं मनापासून अभिनंदन. मागच्या रांगांमध्ये गडहिंग्लज, आजरा, राधानगरी, शिरोळहून पहाटेची एसटी पकडून आलेले आईवडील बसले आहेत. त्यांचंही अभिनंदन.

निमंत्रणासोबत मला विषयही कळवला होता: डिजिटल मार्केटिंगमधले नवे प्रवाह आणि त्यासाठी लागणारी कौशल्यं. शेतीपंपांपासून लोणच्यापर्यंत नाना वस्तूंच्या जाहिराती करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत, त्यामुळे विषय आवडीचाच. पण प्रवाह सांगायचे म्हटलं की मला जानेवारी २०२० आठवतो. त्या महिन्यात गूगलने जाहीर केलं की क्रोम ब्राउझरमधल्या थर्ड पार्टी कुकीज दोन वर्षांत बंद होतील. एका साइटवर बूट पाहिले की पुढच्या चार साइटवर तेच बूट तुमच्या मागे लागतात, ते या कुकीजमुळे. आमच्या व्यवसायात एकच धांदल उडाली. परिषदा झाल्या, कोर्स निघाले, कंपन्यांनी महागडी सॉफ्टवेअर घेतली. मुदत पुढे गेली, मग आणखी पुढे गेली, आणि एप्रिल २०२५मध्ये गूगलने तो बेतच गुंडाळला. मधल्या काळात, एप्रिल २०२१मध्ये, ॲपलने आयफोनवर एक साधा प्रश्न विचारायला सुरुवात केली होती: या ॲपला तुमचा माग काढू द्यायचा का? असंख्य लोकांनी नको म्हटलं. त्यामुळे २०२२ या एका वर्षात सुमारे १० अब्ज डॉलरचं उत्पन्न बुडेल, असा अंदाज मेटाने स्वतःच दिला. ज्या बदलाचा पाच वर्षं डंका वाजला तो झालाच नाही, आणि ज्याची त्या मानाने कमी चर्चा होती त्याने बाजार हलवला.

म्हणून पुढच्या वर्षी काय येणार याची यादी मी देणार नाही. ती यादी बहुधा तीच मंडळी तयार करतात ज्यांना त्यातलं काहीतरी विकायचं असतं. त्याऐवजी मी एका प्रश्नाबद्दल बोलणार आहे. माझ्या मते हा प्रश्न विचारता येणं हेच या व्यवसायातलं सगळ्यांत दुर्मीळ कौशल्य आहे. प्रश्न असा: हे आपल्यामुळे घडलं का?

अमेरिकेतली ईबे ही कंपनी तुम्हाला माहीत आहे. २०१२च्या सुमाराला ती गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या सर्चवर जाहिरातींसाठी प्रचंड पैसा ओतत होती. कोणी 'ईबे' असा शब्द टाकून शोधलं, तरी सगळ्यांत वर ईबेचीच पैसे मोजून दिलेली जाहिरात आणि तिच्या खालीच ईबेची फुकटची लिंक, असं चित्र दिसे. अहवालात या जाहिरातींचं फळ झकास दिसत होतं. एवढा खर्च, एवढे क्लिक, एवढी विक्री. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतले अर्थशास्त्रज्ञ स्टीव्ह टडेलिस त्या वेळी ईबेत काम करत होते. त्यांनी, टॉम ब्लेक आणि क्रिस नॉस्को या सहकाऱ्यांबरोबर, एक साधी गोष्ट करून पाहिली. मार्च २०१२मध्ये याहू आणि मायक्रोसॉफ्टवर 'ईबे' या नावाच्या जाहिराती बंद केल्या आणि गूगलवर चालू ठेवल्या. जाहिरातींवरून येणाऱ्या क्लिकपैकी ९९.५ टक्के लगेच खालच्या फुकटच्या लिंकवरून आले. माणसं ईबेकडेच निघाली होती. ती वरच्या दाराने आली नाहीत, खालच्या दाराने आली.

लोक म्हणाले, नावाच्या जाहिरातींचं ठीक आहे, बाकीच्यांचं काय? मग त्यांनी अमेरिकेतल्या सुमारे ३० टक्के भागांत गूगलवरच्या इतर शब्दांच्या जाहिरातीही ६० दिवस बंद ठेवल्या. उरलेल्या भागांशी तुलना केल्यावर एकूण विक्रीत सांगण्याजोगा फरक सापडला नाही. हा अभ्यास पुढे २०१५मध्ये 'इकोनोमेट्रिका' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तो मुळातून वाचा. गणित थोडं जड आहे, पण तुम्हाला जमेल.

मांडवाच्या दारात अक्षता वाटणाऱ्याने, लग्नाला आलेली हजार माणसं मीच आणली असं म्हणावं, तसं आमच्या पुष्कळ अहवालांचं असतं. प्रत्येकाच्या हातात त्याने अक्षता दिल्या हे खरं. त्याच्याकडे मोजदादही असेल. पण माणसं पत्रिकेमुळे आली, नात्यामुळे आली. 'लास्ट क्लिक' पद्धतीत, म्हणजे शेवटचा क्लिक ज्याचा, सगळं श्रेय त्याचं, या हिशेबात नेमकं हेच होतं. तुम्ही नोकरीला लागाल त्या पुष्कळ ठिकाणी अजूनही हाच हिशेब चालू असेल.

या गोष्टीची दुसरी बाजू मी मुद्दाम सांगते, कारण ती सांगितली नाही तर तुम्ही उद्या कुणाच्या तरी जाहिराती सरसकट बंद करून टाकाल. त्याच अभ्यासात असंही दिसलं की ज्यांनी ईबेवर पूर्वी खरेदी केली नव्हती किंवा क्वचितच केली होती, त्यांच्यावर जाहिरातींचा परिणाम झाला होता. ईबे जगाला ठाऊक होती. तुमच्या मामांनी काल सुरू केलेला सेंद्रिय गुळाचा ब्रँड कुणालाच ठाऊक नाही, त्यामुळे त्यांना सर्चची जाहिरात लाखमोलाची ठरू शकते. म्हणजे दुसऱ्याच्या प्रयोगाचं उत्तर उसनं घेऊन चालत नाही. प्रयोगाची पद्धत तेवढी घेता येते.

ही पद्धत मोठ्या कंपन्यांपुरती आहे असं समजू नका. मसाले विकणारा एखादा उद्योजक सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांत ऑनलाइन जाहिरात करतो. दोन्हीकडची विक्री साधारण सारखी वरखाली होते, हे त्याच्या जुन्या वह्यांवरून दिसतं. साताऱ्यात महिनाभर जाहिरात बंद ठेवा, सांगलीत चालू ठेवा, दुकानदारांची ऑर्डर दोन्हीकडून तशीच नोंदवत राहा. मध्ये गणपती येणार नाहीत, भाव बदलणार नाही, एवढं बघा. महिन्याच्या शेवटी साताऱ्याची वही काय सांगते ते पाहा. यात कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही. लागतो तो मालकाला 'महिनाभर पैसे खर्च करू नका' हे सांगण्याचा धीर. हे सांगताना तुमचं स्वतःचं काम कमी महत्त्वाचं ठरण्याचा धोका असतो, आणि अडचण तिथेच आहे. ज्याचं पोट जाहिरातीच्या खर्चावर आहे, तो जाहिरात बंद ठेवून बघायला सहसा तयार होत नाही. एजन्सी होत नाही, प्लॅटफॉर्म होत नाही, आणि कंपनीतला मार्केटिंग विभागही होत नाही.

प्लॅटफॉर्म आपले गुण आपणच देतो, हे तर कधीच विसरू नका. सप्टेंबर २०१६मध्ये फेसबुकने कबूल केलं की व्हिडिओ लोक सरासरी किती वेळ पाहतात याचा आकडा ते सुमारे दोन वर्षं फुगवून दाखवत होते. कारण फार साधं होतं. एकूण पाहिलेला वेळ भागायचा होता पाहणाऱ्या सगळ्यांच्या संख्येने, पण भागला जात होता तीन सेकंदांहून अधिक पाहणाऱ्यांच्याच संख्येने. जे तीन सेकंदांच्या आत पुढे सरकले ते हिशेबातून गायब. भाजक लहान, उत्तर मोठं. त्या आकड्यांवर विसंबून कुणी कुणी आपले लेखक कमी केले आणि व्हिडिओवाले वाढवले. तुम्ही दहावीत शिकलेली सरासरी पुरेशी होती, फक्त 'भागताय कशाने?' असं कुणीतरी वेळेवर विचारायला हवं होतं.

आता जरा वहीकडे येऊ. आपल्याकडच्या ऑनलाइन धंद्याचं एक दुखणं इंग्रजी पाठ्यपुस्तकात तुम्हाला सापडणार नाही. ते म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरी. ऑर्डर येते, माल जातो, कुरिअरवाला दारात उभा राहतो आणि घरातून आवाज येतो, 'नको, परत न्या.' या परत येणाऱ्या मालाला व्यवसायात 'आरटीओ' म्हणतात. धरून चालू की १,२०० रुपयांच्या चपलेच्या १०० ऑर्डरी आल्या आणि जाहिरातीवर ३०,००० रुपये गेले. ऑर्डरींची किंमत १,२०,००० रुपये. डॅशबोर्ड म्हणतो, रोआस चार, म्हणजे रुपयाला चार रुपये आले. एजन्सी पेढे वाटते. आता १००पैकी ३० जोड्या परत आल्या. हातात आले ८४,००० रुपये. विकलेल्या ७० जोड्यांचा माल, जोडीला ६५० रुपयांप्रमाणे, ४५,५०० रुपयांचा. शंभर पार्सलांचं पॅकिंग आणि कुरिअर, ११० रुपयांप्रमाणे, ११,०००. तीस परत आलेल्यांचं परतीचं भाडं, ८० रुपयांप्रमाणे, २,४००. जाहिरातीचे ३०,००० धरून एकूण खर्च ८८,९००. डॅशबोर्डवर चौपट, वहीत ४,९०० रुपयांचा तोटा. यात जीएसटी, भाडं, पगार अजून धरलेलेच नाहीत.

हा हिशेब कागदावर मांडायला पाच मिनिटं लागतात. तरीही नोकरीच्या मुलाखतीला येणाऱ्या दहा-दहा प्रमाणपत्रांच्या मुलांना मी तो मांडायला सांगते, तेव्हा फार थोड्यांना तो जमतो. टूल चालवता येतं, पण पैसा कुठून आला आणि कुठे गेला हे सांगता येत नाही. तुमच्यातले जे कॉमर्सचे आहेत, त्यांनी स्वतःला कमी लेखू नये. खतावणी वाचता येणारा मार्केटिंगवाला कंपनीला हवाच असतो.

कोल्हापुरात येऊन चपलेबद्दल एवढंच बोलून कसं चालेल? जून २०२५मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि नाव कुठे घेतलं नाही. २०१९मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. गदारोळ झाला, प्राडाला प्रेरणा मान्य करावी लागली, त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली, पुढे दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी बोलणी झाली. आपल्या कारागिरांना पैसे देऊन कधी मिळाली नसती एवढी प्रसिद्धी त्या महिन्याभरात फुकट मिळाली.

त्या जुलैत मी इथल्या चप्पल लाईनमधल्या एका दुकानात बसले होते. मालक साठीचे, हात अजून कातड्यावर चालतात. इन्स्टाग्रामचं पान त्यांची सून सांभाळते, बी. कॉम. झालेली आहे. फोन सारखा वाजत होता. मी काकांना म्हटलं, धंदा जोरात दिसतोय. ते म्हणाले, "मॅडम, लई इचारत्यात. घेनारं थोडं." मग त्यांच्या सुनेने मला ते सगळे मेसेज दाखवले. मी खुर्ची ओढून बसले आणि एकेक वाचत गेले. प्रश्न फिरून फिरून तेच होते. पायाला लागते का? पहिले किती दिवस त्रास होतो? पावसात चालते का? बुटाचा आठ नंबर म्हणजे तुमचा कितवा? माझा पाय रुंद आहे, अंगठ्यात बसेल का? ऑफिसला घातली तर करकर वाजेल का? ही खरीच कोल्हापूरची आहे कशावरून?

आणि त्यांच्या पानावर काय होतं? रांगेने टांगलेल्या चपलांचे फोटो आणि खाली इंग्रजीत 'प्रीमियम क्वालिटी, बेस्ट प्राइस'. लोक विचारत होते त्यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर तिथे नव्हतं. खरं तर उत्तरं दुकानात बसलेली होती. काकांना विचारलं तर ते तासभर सांगत बसले: कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात कसं कमावतात, नवी चप्पल तेल लावून रात्रभर ठेवली की कशी मऊ पडते, पाऊस लागला तर उन्हात का वाळवायची नाही, कापशी आणि साध्या चपलेत फरक कुठे. सुनेने त्याच दुपारी फोनवर तीन छोटे व्हिडिओ केले. एकात काका कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने माप कसं घ्यायचं ते दाखवतात. संगीत नाही, नाच नाही. काकांचा आवाज, काकांची भाषा.

त्यानंतर परत येणाऱ्या जोड्या कमी झाल्या. पण हे व्हिडिओमुळे झालं का, हे मी तुम्हाला छातीठोक सांगू शकत नाही. कारण त्याच सुमाराला त्यांनी कॅश ऑन डिलिव्हरीसाठी पन्नास रुपये आगाऊ घ्यायला सुरुवात केली होती. दोन्ही एकदम सुरू झाल्यावर श्रेय कुणाला द्यायचं? काका म्हणतात व्हिडिओला, सून म्हणते पन्नास रुपयांना. मला सून अधिक बरोबर वाटते. खात्री करायची तर एक काही दिवस थांबवून बघावं लागेल, आणि धंदा बरा चाललेला असताना ते करायला कुणाचं मन होत नाही, हेही मला कळतं.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल तुम्ही माझ्याकडून ऐकायची वाट बघत असाल. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२मध्ये आलं, तेव्हा तुमच्यातले बहुतेक जण कॉलेजात नुकतेच आले होते किंवा यायचे होते. आज 'कोल्हापुरी चपलेवर शंभर शब्द लिही' म्हटलं की क्षणात मजकूर मिळतो, आणि तो बरा असतो. बरा मजकूर आता फुकट झाला आहे, म्हणून त्याला किंमतही उरली नाही. मात्र हिरडा कुठल्या महिन्यात आणतात, कुठल्या पायाला कुठला कान आवळायचा, हे काकांना ठाऊक आहे आणि ते अजून कुठे लिहिलेलं नाही. जे लिहिलेलं नाही ते यंत्र कुठून आणणार? कारागिराच्या, शेतकऱ्याच्या, दुकानदाराच्या शेजारी बसून ते काढून आणणं हे काम पुढची बरीच वर्षं तुमच्यासारख्या मुलामुलींनाच करावं लागणार आहे. कोकणात एका तऱ्हेने प्रश्न विचारतात, विदर्भात दुसऱ्या. ते कानाने ऐकावे लागतात.

सर्चमध्येही बदल होतो आहे. ऑगस्ट २०२४पासून गूगलची 'एआय ओव्हरव्ह्यू' ही सोय भारतात आहे. प्रश्नाचं उत्तर वरच मिळतं, साइटवर जायची गरज राहत नाही. ज्यांनी आपलं सगळं यश क्लिकवर मोजलं ते घाबरले आहेत. पण आपली माहिती वाचून, एकही क्लिक न करता, माणूस उद्या दुकानात येऊन उभा राहू शकतो. त्याला विचारावं लागेल, कुठून कळलं? हा जुना प्रश्न गल्ल्यावर बसणाऱ्याने पुन्हा विचारायची वेळ आली आहे.

जाहिराती कुणाला दाखवायच्या हेसुद्धा आता गूगल आणि मेटाची यंत्रंच ठरवतात. यंत्र आज्ञाधारक असतं, आणि तीच काळजीची बाब आहे. तुम्ही त्याला सांगितलं 'ऑर्डरी आण', की ते ऑर्डर करणारी माणसं शोधून आणतं. मग दारात आल्यावर नको म्हणणारीही त्यातच येतात, कारण ती उत्साहाने ऑर्डर करतात. 'पोहोचलेली आणि पैसे दिलेली ऑर्डर' एवढीच खरी, ही माहिती तुम्ही यंत्राला परत पुरवलीत तर त्याचा शोध बदलतो. म्हणजे काय मोजायचं हे ठरवणं अजून माणसाच्या हातात आहे. माझ्या मते येत्या काळातलं सगळ्यांत मोठं काम तेच.

जे मोजता येत नाही त्याचं काय, असंही विचारा. जयंतराव साळगावकरांनी १९७३मध्ये 'कालनिर्णय' सुरू केलं. वर्षभर भिंतीवर, दुधाचा हिशेब आणि गॅसची तारीख लिहायला. मागच्या पानावर पाककृती, आरोग्य, प्रवास. त्यावरच्या जाहिरातीला क्लिक नव्हता. तरी रोज सकाळी तिथी बघताना ती नावं घराघरांत मुरली. १९०९च्या 'मनोरंजन'पासून आपले दिवाळी अंकही जाहिरातदारांच्या आधारावर उभे राहिले. त्या जाहिराती देणाऱ्यांना त्याच आठवड्यात विक्री नको होती. लेस बिनेट आणि पीटर फील्ड या दोन ब्रिटिश अभ्यासकांनी २०१३मध्ये अनेक मोहिमांच्या निकालांवरून मांडलं की साधारण ६० टक्के खर्च नाव रुजवण्यावर आणि ४० टक्के लगेचच्या विक्रीवर असावा. आकडा धंद्यागणिक बदलेल. पण आज मी छोट्या कंपन्यांचे खर्च बघते तेव्हा जवळजवळ सगळा पैसा उद्याच्या विक्रीवर लागलेला असतो, कारण तेवढंच पडद्यावर दिसतं. मग दोन वर्षांनी जाहिरात थांबली की धंदाही थांबतो आणि मालकाला कळत नाही, इतके दिवस आपण काय कमावलं.

आता तोच प्रश्न मी उलटा विचारते, कारण मला तुमच्याशी सगळ्यांत जास्त याबद्दल बोलायचं आहे. एखादं वाईट घडलं, तर ते आपल्यामुळे घडलं का?

साइटवर खोटं घड्याळ उलटं फिरतं, 'फक्त दोन शिल्लक' असं खोटंच लिहिलेलं असतं, न मागितलेला विमा हळूच बिलात येतो, सदस्यत्व घ्यायला एक बटण आणि सोडायला सात पानं. यांना 'डार्क पॅटर्न' म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ प्रकारांना मनाई केली आहे. तरी तुमच्या पहिल्याच वर्षात कुणीतरी तुम्हाला असं काही करायला सांगेल, आणि त्याने आकडा वाढेलही. इथे श्रेयाबद्दल शंका उरणार नाही. वाढ आपल्यामुळेच झाली असेल, आणि ज्या आजीच्या पेन्शनमधून दर महिन्याला ९९ रुपये जात राहिले, तेही आपल्यामुळेच.

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, त्यांच्या जाहिरातींवरही. त्याआधी कित्येक वर्षं त्या जाहिराती आपल्याच व्यवसायातल्या हुशार माणसांनी लिहिल्या, मराठी रीलवाल्या मुलांनी त्या केल्या, गावागावांत पोचवल्या. कर्जात बुडालेली मुलं आणि त्यांची घरं मी पाहिली आहेत. मला त्याची चीड येते. कायदा यायच्या आधीही आपल्याला कळत होतं. पैसे घेऊन एखाद्या वस्तूची तारीफ करताना ती जाहिरात आहे असं स्पष्ट लिहा, हे एएससीआय या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने २०२१मध्ये सांगितलं. फसव्या जाहिरातीला २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. तुम्ही ज्यांच्याकडून जाहिरात करून घ्याल त्या मुलामुलींना हे कुणीही सांगितलेलं नसतं. तुम्ही सांगा.

लोकांच्या माहितीबद्दलही तसंच. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने, माहिती का घेता आहात हे सांगणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांपैकी ग्राहकाला हव्या त्या भाषेत देणं बंधनकारक केलं आहे. मराठीही त्यात आली. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असलं पाहिजे. माहितीची सुरक्षा नीट राखली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले, मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत आहे. या सूचना शुद्ध, सोप्या मराठीत लिहिणारी माणसं सगळ्या कंपन्यांना लागणार आहेत. ज्यांचं मराठी चांगलं आहे त्यांनी याकडे नोकरी म्हणून बघावं. आपल्या आत्याला एका वाचनात कळेल अशी सूचना लिहिता येणं हे सोपं काम नाही.

कुलगुरू महोदय, एक विनंती करून मी थांबते. या गावात चप्पल लाईन आहे, शाहू मार्केट यार्डात गुळाचा बाजार आहे, शेजारी हुपरीत चांदी आहे, इचलकरंजीत कापड आहे. शेवटच्या सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याला यातल्या एका छोट्या व्यावसायिकाबरोबर जोडून द्यावं. प्रकल्प अहवाल नको. त्याने त्या व्यावसायिकाची वही वाचावी, त्याच्या फोनवरचे ग्राहकांचे प्रश्न उतरवून काढावेत, आणि दोन तालुके निवडून एकात जाहिरात चालू, एकात बंद असा एक प्रयोग करावा. निकाल काहीही येवो, 'फरक पडला नाही' असा आला तरी पूर्ण गुण द्यावेत. परत आलेल्या पार्सलांच्या नोंदी कशा ठेवायच्या आणि तालुके कसे निवडायचे, हे शिकवायला माझ्या कार्यालयातले दोन सहकारी दर शनिवारी येतील, मीही जमेल तेव्हा येईन. जूनमध्ये नवी तुकडी येते, तेव्हा सुरुवात करता येईल. आज पदवी घेतलेल्यांपैकी जे कोल्हापुरातच राहणार आहेत, त्यांनी या मुलांना हात द्यावा. नावं माझ्याकडे आजच दिलीत तर बरं होईल.